काळी पडलेली जोडवी

भांडण उकरून काढणाऱ्याला माझी आई म्हणायची, उगाच खाजवून खरूज काढू नको. मला त्या म्हणीचा राग येतो. ज्याने कोणी ती केली त्याला खरूज झालेली नसणार. ती खाजवून काढावी लागत नाही. ती आपल्या पायांनी घरात येते, आणि एकदा आली की चारचौघांत आपले हात कुठे ठेवायचे एवढाच विचार माणसाला उरतो.

मला ती झाली लग्नानंतर दीडेक महिन्याने. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझं माहेर तापीकाठचं, शेतीवाडीचं. सासर खापरला, बाजाराच्या रस्त्यावर किराण्याचं दुकान. पुढे दुकान, मधे घर, मागे पडवी आणि परसू. घरात सासू, सासरे, नवरा आणि मी, अशी चारच माणसं. बाजारच्या दिवशी सातपुड्यातून उतरलेल्या बाया-माणसांनी रस्ता भरून जाई. ती मोहाची फुलं, चारोळी, डिंक आणत आणि मीठ, गूळ, तंबाखू घेऊन चढणीला लागत. गूळ आम्ही हातानेच फोडून द्यायचो, मीठ ओंजळीने तागडीत टाकायचो. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते सगळं या हातांपायी झालं.

सुरुवात बोटांच्या बेचक्यांत झाली. बारीक पुरळ, मोहरीएवढं. मला वाटलं मिरच्या कुटल्या म्हणून असेल. मग मनगटाला आलं, काखेत आलं, कमरेला आलं. दिवसा कामात थोडा विसर पडे, पण अंथरुणाची ऊब लागली की खाज अशी उठे की डोळ्यांत पाणी येई. मी पदर तोंडात धरून खाजवत असे. नवी नवरी ना मी, आवाज कसा करणार?

सासूच्या नजरेतून काय सुटणार? पीठ मळताना तिने माझं मनगट धरलं, बोटं फाकवून पाहिली आणि परात माझ्यापुढून ओढून घेतली. म्हणाली, "हाई खरूज तुन्हा माहेरनी शे. आम्हना घरमा कोणलेच नही." आणि हंड्याकडे बोट करून, "पानीले हात नको लाऊ."

त्या दिवसापासून माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण मागच्या पडवीत लाकडांच्या ढिगाजवळ. चूल बंद, पाणी बंद. दळण बंद झालं याचा एरवी मला आनंदच झाला असता. पण रिकाम्या हातांनी सासरी बसून राहणं काय असतं ते ज्या बसल्या त्यांनाच ठाऊक. शेजारीण आली की सासू मला आत पिटाळी आणि सुनेला कणकण आहे म्हणून सांगे. वाण्याच्या घरात खरूज आहे हे एकदा बाजारात फुटलं, की आमच्या हातचा गूळ कोण घेणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ तर खरोखरच झाकून ठेवायची होती.

आणि एक गोष्ट मला ठाऊक होती, जी मी बोलू शकत नव्हते. नवरा माझ्या आधीपासून कमर खाजवत होता. त्याच्या कमरेला चांदीचा करदोडा होता. तो काचतो, एवढंच तो म्हणे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच मी ते पाहिलं होतं. पण नवऱ्याच्या अंगाविषयी सासूसमोर तोंड उघडायचं म्हणजे काय, हे मी लिहीत बसत नाही. आमच्या वेळी नवऱ्याचं नावसुद्धा उखाण्यात लपवून घ्यावं लागे.

माहेरी निरोप गेला असता तर आईने कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं असतं आणि करंजाचं तेल लावलं असतं. इथे सासूने तेही केलं, नाही म्हणत नाही. पण ते दुरून. तेलाची वाटी ती उंबऱ्यावर ठेवी आणि मागे सरे. मी उचलली की आत जाई. गुण काही येईना. शेवटी सासऱ्यांनी गाडी जुंपायला सांगितलं आणि नवरा मला तळोद्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. मलमासाठी भांडं आपलं आपण न्यायचं असे, म्हणून दुकानातली हिंगाची रिकामी डबी त्याने बरोबर घेतली.

परक्या पुरुषाने माझा हात धरण्याची ती पहिली वेळ. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी माझा हात खिडकीच्या उजेडात नेला, बेचकीतली केसासारखी एक बारीक रेघ भिंगातून पाहिली आणि टाचणीच्या टोकाने तिच्या शेवटातून काहीतरी उचललं. पांढरा कण, खसखशीहून लहान. त्यांनी तो नवऱ्याला दाखवला. म्हणाले, हा किडा आहे, कातडीत घर करतो, आणि हा एका माणसावर समाधान मानत नाही. मग त्यांनी सरळ विचारलं, "घरात आणखी कोणाला खाज आहे?"

नवरा म्हणाला, "नाही. कोणालाच नाही."

त्याचा एक हात धोतराच्या निऱ्यांपाशी घट्ट दाबून धरलेला होता. मी तिकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं असावं, कारण त्यांनी डबी गच्च भरून मलम दिलं. गंधकाचं पिवळं मलम. हिंगाच्या वासात गंधकाचा वास मिसळला. तो पुढे कित्येक महिने माझ्या नाकात बसला होता. त्यांनी नवऱ्याला बजावून सांगितलं की घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, कपडे उकळायचे, गोधड्या उन्हात टाकायच्या. एकट्याने लावून उपयोग नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने आईला सांगितलं, "हिले मलम देयेल शे." बाकीचं सगळं वाटेतल्या फुफाट्यात कुठेतरी सांडलं. मी जवळच उभी होते. मी ते उचलून पुढे केलं नाही, कारण तसं केलं असतं तर तो खोटा ठरला असता, आणि त्या घरात माझ्या बाजूचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं. त्या विचाराची मला आजही लाज वाटते. खरं तर बाजूचं तेही नव्हतं.

मी एकटीच मलम लावत राहिले. चार दिवस उतार पडे, परत उठे. गोधडी तीच, पडवी तीच, रात्री येणारा नवरा तोच. सासू म्हणे, पाहा, रोग माहेरचा म्हणून माहेरासारखाच चिवट आहे. आणि अशात एक नवीनच संकट उभं राहिलं. माझी चांदी काळी पडायला लागली.

पायांतली जोडवी, घोट्यावरच्या साखळ्या, हातांतले गोठ, सगळी चांदी माझ्या वडिलांनी केलेली. आजीची जुनी चांदी मोडून, सोनारासमोर स्वतः बसून त्यांनी ती घडवून घेतली होती. लग्नात सासरच्या मंडळींनी ती हातात घेऊन वजन पाहिलं होतं आणि माना डोलावल्या होत्या. तीच चांदी आता शिशासारखी दिसायला लागली. राखेने घासली की उजळे आणि दोन दिवसांत परत काळवंडे. मला वाटलं, माझ्या अंगातलंच विष तिला लागतंय. मी तसं खरंच मानलं होतं. मलम लावलं की मी जोडवी पदराने पुसत बसे आणि पुसून पुसून पदरही पिवळा होई.

सासऱ्यांना मात्र वेगळंच वाटलं. त्यांचा जन्म तागडीमागे गेलेला. भेसळ म्हटली की त्यांचे कान उभे राहत. खरी चांदी अशी आठवड्यात मरत नाही, असं ते म्हणाले. व्याह्याने आपल्याला फसवलं. मुलगीही रोगी दिली आणि चांदीही खोटी दिली. त्यांनी सासूला सांगून माझ्या अंगावरची सगळी चांदी उतरवून घेतली.

जोडवी उतरवताना सासूचा हात थोडा थांबला. नवरा जिवंत असताना पायांतली जोडवी काढत नाहीत, हे तिला काय मी सांगायला हवं होतं? पण तिने ती काढली. माझ्या बोटांवर पांढरे वळ राहिले. मी त्यानंतर पाय लुगड्याच्या काठाखाली दुमडून बसायला शिकले. आधी हात लपवायचे, आता पायही. आणखी काही दिवसांनी मला सबंधच लपवावं लागलं असतं.

कोणी म्हणेल, चांदी खोटी की खरी हे सोनार चुटकीसरशी सांगतो, त्याच्याकडे का नाही नेली? गावात सोनार होता. पण सुनेच्या पायांतली जोडवी त्याच्यापुढे ठेवायची म्हणजे ती का उतरवली ते सांगायला हवं. ती काळी कधीपासून पडली आणि अंगाला काय लावता, हे त्याने विचारलं असतं. मग सव्वा लाखाची मूठ उघडली असती. म्हणून सोनाराऐवजी माझ्या वडिलांना निरोप गेला. तळोद्याकडे जाणाऱ्या गाडीवानाबरोबर, तोंडी. होळीआधीच्या बाजाराला या, काम आहे, एवढाच.

निरोप गेल्यावर सासऱ्यांनी काय ठरवलं ते त्यांनी जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "चांदी खोटी निंघनी ते पोरले संगे लई जावा, असं सांगसू." मी पडवीत वेगळ्या ताटावर बसले होते. घास गिळला, कारण ताटात टाकलेलं दिसलं असतं. परत जायची मला भीती नव्हती. परत कशी जाणार याची होती. माझा बाप गावात शब्दाचा माणूस. त्याने लेकीला खोटी चांदी घातली असं एकदा झालं की माझ्या मागच्या बहिणीला कोण करून घेणार होतं?

त्याच दिवसांत हिंगाची डबी लवकर रिकामी व्हायला लागली. ती पडवीत लाकडांमागच्या कोनाड्यात असे. मी करंगळीने काढत असे, तर मलमात रुंद बोटांचे चर दिसायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं उंदीर. उंदरांनाही खरूज झाली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग एके दुपारी मी परसात धुणं वाळत घालून आले तर सासू कोनाड्याकडून आत जाताना दिसली. हात पदराखाली. मागे गंधकाचा वास. मी काहीच पाहिलं नाही असं दाखवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या घरात खाज सगळ्यांना आणि खवखव मात्र एकट्या मला.

मलमातल्या गंधकाने चांदी काळी पडते, हे माझ्या चांदीचं कोडं तिलाही तेव्हाच सुटलं असणार. तिच्या हातांतले गोठ तिच्या डोळ्यांसमोर काळे पडले असतील. पण निरोप गेला होता. आता बोलायचं तर आधी आपल्याला खरूज आहे हे बोलायला हवं. ती आठ-दहा दिवस दोन्ही हात पदराखाली घेऊन वावरली. माघ सरल्यावर तिला इतकी थंडी का वाजते, हे सासऱ्यांनी विचारलं नाही.

वडील आले ते ऐन बाजाराच्या गर्दीत. होळीचा बाजार म्हणजे डोंगरातलं सगळं गाव खाली उतरलेलं. बायांच्या गळ्यांत, हातांत, पायांत शेर-शेर चांदी, आणि ती उन्हात अशी लखलखत होती की मला दाराआडूनही पाहवेना. वडील ओट्यावर बसले. सासऱ्यांनी नवऱ्याला तागडीवर बसवलं आणि पितळी ताटात माझी चांदी आणून वडिलांपुढे ठेवली. काळी जोडवी, काळ्या साखळ्या, काळे गोठ. गिऱ्हाइकं वळून पाहत होती. सासरे आवाज न चढवता बोलत होते, आणि तेच मला जास्त लागत होतं.

वडिलांनी एक जोडवं उचललं, अंगठ्याने घासलं, परत ठेवलं. मग दाराकडे पाहिलं. मी दाराआड उभी होते. त्यांची नजर माझ्या तोंडावर नाही, पायांवर गेली. मी पाय मागे ओढले, पण उशीर झाला होता. बापाने आपले उघडे पाय पाहावेत, इतकी लाज मला आयुष्यात परत कधी वाटली नाही. खरजेचीही नाही.

ते एवढंच म्हणाले, "मन्ही चांदी खोटी नही." उन्हातून आलेले, ओठ सुकलेले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं जेवायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. पण पाणी चालतं. पाणी द्यायचं काम सुनेचं, आणि सुनेला पाण्याला हात लावायची बंदी. सासऱ्यांनी आत हाक मारली. सासूला तांब्या घेऊन यावंच लागलं.

व्याह्यापुढे तांब्या एका हाताने, पदराआडून, सरकवता येत नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. पदर कोपरापर्यंत घसरला. मनगटांवरचे गोठ माझ्या जोडव्यांहून काळे होते, आणि बोटांच्या बेचक्यांत मलमाचा पिवळा थर.

सासरे त्या गोठांकडे पाहतच राहिले. मग अगदी हळू, जणू स्वतःशीच, म्हणाले, "ह्या गोठ ते मन्हा बापनी करेल शेत."

तागडीमागे नवऱ्याच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला. वडिलांनी तांब्या घेतला. त्या हातांचं पाणी ते प्यायले, सगळं, तांब्या खाली ठेवून तोंड पुसलं. त्यांना टोचून बोलायला ती वेळ सोन्यासारखी होती. त्यांच्या जागी मी असते तर सोडली नसती. ते म्हणाले, "चांदी दोन्ही घरनी खरी शे. मन्ही पोरना पाय तेवढा उघडा शेत."

पुढचं आधी सांगून टाकते, कारण शेवट मला वेगळ्याच ठिकाणी करायचा आहे. दुसऱ्याच दिवशी नवरा पुन्हा डॉक्टरांकडे गेला आणि या वेळी त्यांनी सांगितलेलं सगळं घरी घेऊन आला. सलग तीन दिवस चौघांनी मलम लावलं. परसात मोठं पातेलं चढवून कपडे उकळले, गोधड्या भिंतीवर टाकल्या. बाजारातून दिसतील म्हणून कोणी हरकत घेतली नाही. सासू पाठ उघडी करून माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "पाठले लाव. मन्हा हात पुरत नही." मी लावलं. घरातली सगळी चांदी एका परातीत चिंच आणि राख लावून मी घासली. त्यात सगळ्यांत काळा निघाला तो नवऱ्याचा करदोडा. तो परातीत टाकताना त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं की लग्नाच्या आधीपासून त्याला खाज होती. मी करदोडा घासत राहिले. पुढे अडतीस वर्षं संसार केला, माणूस वाईट नव्हता. पण दवाखान्यातला तो दाबलेला हात मी विसरले असं मी कधी म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. गुळाचं दुकान चालूच राहिलं. खरूज गावात आणखी किती घरांत होती ते नंतर कळलं. सगळ्या मुठी झाकलेल्या होत्या.

शेवट मात्र त्याच दिवशीचा, ओट्यावरचा. वडील ते एक वाक्य बोलून बसून राहिले. उठेनात. लेकीच्या पायांकडे पाहायचं नाही म्हणून बाजाराकडे पाहत बसले. सासरे दुकानात गेले. मग सासूने ताटातली जोडवी उचलली, आत आली आणि माझ्यापुढे जमिनीवर बसली.

"पाय आठे कर," ती म्हणाली.

मी पाय मागे घेतला. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तिने माझा घोटा धरला आणि पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. माझी बोटं खरजेने सुजली होती. जोडवं पेरावर अडलं. तिने फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. मी दात आवळून उभी. दाराबाहेर वडिलांची पाठ दिसत होती. माझ्या मनात एकच, की हे जोडवं चढल्याशिवाय तो माणूस इथून उठणार नाही.

सासू उठली, पडवीत गेली आणि हिंगाची डबी घेऊन परत आली. झाकण काढलं, बोट बुडवलं, आणि माझ्या सुजल्या बोटाला मलम चोळून तिने ते काळं जोडवं अलगद आत सरकवलं. मग दुसरं. दोघींच्या हातापायांना एकच वास येत होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

डबी कुठे असते, हे तिने मला विचारलं नव्हतं.